यंत्राचे पंचांग आणि विजेचे मीटर

मागील अंकात आमच्या एका स्नेह्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ऊर्जेचे भवितव्य या विषयावर लिहिलेला लेख पुष्कळांना आवडला, हे आम्ही जाणतो. मंडळाच्या बैठकीत त्याचे वाचन झाले तेव्हा टाळ्याही चांगल्या पडल्या. लेखाचे सार असे: वीज कोठे, केव्हा आणि किती लागणार हे यंत्र माणसापेक्षा अधिक अचूकपणे सांगू लागले आहे, त्यामुळे अपव्यय थांबेल, ऊन आणि वारा यांची लहर सांभाळता येईल, कोळसा आपोआप मागे पडेल आणि हवेत सोडल्या जाणाऱ्या कर्बवायूचा प्रश्न आपल्या हयातीत सुटेल. आम्ही त्या संध्याकाळी काही बोललो नाही. स्नेह्यांचा उत्साह निर्मळ होता, आणि नंतर अल्पोपाहार होता. परंतु आमच्या मौनाची गणना संमतीत होऊ लागली आहे असे दिसल्यावरून, आणि विशेषतः २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीच्या निमित्ताने 'आता सारे यंत्र पाहून घेईल' हे वाक्य शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येऊ लागल्यावरून, हे लिहिणे भाग पडले.

आमचा आक्षेप त्या लेखातील 'आपोआप' या एका शब्दावर आहे. बाकीचे पुष्कळसे आम्हाला मान्य आहे.

भाकितांचे वावडे असणारे हे शहर नव्हे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा क्षिप्रेच्या काठी उभी आहे. ती मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत तिची डागडुजी झाली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा गणिती तिचा अधीक्षक म्हणून लाभला. १९४२ पासून तेथून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग निघते. म्हणजे उद्या, परवा आणि पुढील वर्षी आकाशात काय असेल हे सांगण्याचा व्यवसाय आमच्या गावात जुना आहे, आणि त्यात मराठी माणसांचा हात आहे याचा आम्हाला अभिमानही आहे. त्या व्यवसायाने आम्हाला एक शब्द दिला: दृक्प्रत्यय. गणिताने आलेले उत्तर डोळ्यांनी आकाशात पडताळून पाहायचे. जुळले तर गणित खरे, न जुळले तर गणित सुधारायचे, आकाश नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा जो वाद पेटला, टिळकांसारखे लोक ज्यात उतरले, त्याच्या मुळाशी हाच आग्रह होता.

वेधशाळेतील सम्राट यंत्राच्या सावलीवरून वाचलेली वेळ ही उज्जैनची स्थानिक वेळ असते. हातातल्या घड्याळाशी ती जुळत नाही. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून आपण पावणेसात अंश पश्चिमेला असल्याने साधारण सत्तावीस मिनिटांचा फरक पडतो, आणि सूर्याच्या कमीअधिक चालीमुळे त्यातही वर्षभर फेर होत राहतो. कोणत्या दिवशी किती मिनिटे मिळवायची याचे कोष्टक यंत्राजवळच दिलेले आहे. आपली चूक आपल्याच अंगावर लिहून ठेवणारे यंत्र आम्हाला प्रामाणिक वाटते. (त्याच आवारात २०२४ साली वैदिक घड्याळाचा उंच मनोरा उभा राहिला. त्याला वीज लागते. सम्राट यंत्राला ती अद्याप लागलेली नाही.)

कृत्रिम बुद्धिमत्तेचे गुणगान करणाऱ्यांच्या आकड्यांजवळ मात्र असे कोष्टक सापडत नाही, आणि असले तरी ते आमच्यापर्यंत पोहोचेतो गळून पडते. स्नेह्यांच्या लेखातील तीन आकडे पाहा. 'गूगलने आपल्या यंत्रशाळांतील विजेचा खर्च चाळीस टक्क्यांनी घटवला' हा पहिला. २०१६ साली गूगलच्या डीपमाइंड या शाखेने जाहीर केलेली गोष्ट अशी होती की, एका डेटा सेंटरमध्ये यंत्रांना थंड ठेवण्यासाठी जी वीज लागते तीत चाळीस टक्के घट झाली. प्रत्यक्ष संगणकांना लागणारी वीज त्यात नाही. ती मिळवून हिशेब केला तर बचत बरीच लहान होते. 'थंड ठेवण्यासाठी' हे दोन शब्द उज्जैनपर्यंतच्या प्रवासात कोठेतरी उतरून गेले. दुसरा आकडा पवनविजेचा. २०१९ साली त्याच शाखेने अमेरिकेतील सातशे मेगावॉटच्या पवनचक्क्यांचे उत्पादन छत्तीस तास आधी वर्तवले आणि त्या विजेचे मूल्य सुमारे वीस टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. मूल्य वाढले, म्हणजे आधी वायदा करता आल्याने पैसे अधिक आले. वारा अधिक वाहिला नाही. लेखात 'वीस टक्के अधिक वीज' असे छापून आले आहे.

तिसरा आकडा सर्वांत मोठा आणि सर्वांत पोकळ. जगाच्या एकूण उत्सर्जनापैकी पाच ते दहा टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत कमी होऊ शकेल, असे गूगलने बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपसमवेत २०२३ मध्ये काढलेल्या अहवालात म्हटले आहे, आणि तेव्हापासून हा आकडा व्यासपीठाव्यासपीठांवर फिरतो आहे. त्याचा उगम शोधत गेले तर तो त्या सल्लागार संस्थेच्या आपल्या ग्राहकांबरोबरच्या अनुभवापाशी येऊन थांबतो. औषध विकणाऱ्याने स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या अनुभवावरून साऱ्या गावाचे आयुर्मान वाढेल असे सांगावे, तसाच हा प्रकार. यात खोटेपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. दृक्प्रत्यय नाही, एवढेच म्हणतो.

आता यंत्राच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्हीही त्याच माळेचे मणी ठरू.

आमच्या उज्जैन विभागात, आगर, शाजापूर आणि नीमच येथे, दीड हजार मेगावॉटची सौर उद्याने योजली गेली आणि उभी राहत आली. आगर-शाजापूरच्या रस्त्याने जाणाऱ्याला आता गव्हाच्या शेतांइतकीच निळ्या काचांची शेते दिसतात. सूर्यावरच्या विजेची अडचण शाळकरी मुलालाही कळते: ढग आला की ती पडते. वीज साठवणे महाग असल्याने जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. म्हणून वीजव्यवहारात दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले आहेत, आणि प्रत्येक भागात आपण किती वीज देणार हे उत्पादकाने आधी कळवायचे असते. अंदाज चुकला की दंड. जबलपूरच्या भारप्रेषण केंद्रात अशा विजेवर नजर ठेवणारे स्वतंत्र केंद्रच आहे. आषाढात शाजापूरवर दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी ढग येणार की आणखी अर्ध्या तासाने, हा प्रश्न त्या केंद्रातील माणसाच्या दृष्टीने काव्याचा नसतो. उत्तर चुकले तर तूट भरून काढण्यासाठी कोळशाचा संच वाफ धरून तयार ठेवावा लागतो. म्हणजे वीज न देताही तो काही कोळसा खातच असतो. उपग्रहांची छायाचित्रे, मागील वर्षांची नोंद आणि वाऱ्याची दिशा पाहून यंत्राने हा अंदाज सुधारला, तर तयार ठेवायचा संच लहान पुरतो. हे खरे काम आहे, मोजता येणारे आहे, आणि ते दररोज ९६ वेळा पडताळले जाते. येथे यंत्र पंचांगकर्त्याच्या गादीवर बसले आहे, आणि आम्ही त्याला नमस्कार करतो.

परंतु पंचांगाने पाऊस पडत नाही. आमच्या प्रांतात सौर वीज आली कशी, हे आठवून पाहावे. रीवा येथील ७५० मेगावॉटच्या प्रकल्पाची बोली २०१७ साली झाली आणि पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. तोवर असा दर आपल्याकडे कोणी ऐकला नव्हता. तो का निघाला? जमीन आधी हाती होती, वीज वाहून नेण्याची सोय ठरलेली होती, आणि वीज विकत घेणाऱ्याने पैसे थकवले तर ते कोण देणार याची हमी राज्य सरकारने करारात लिहून दिली होती. २०२० साली तो प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला, आणि दिल्लीची मेट्रो आज त्यातली काही वीज वापरते. नीमचच्या उद्यानाचा दर २०२१ मध्ये २ रुपये १५ पैशांच्या घरात गेला. २०२५ च्या सप्टेंबरात मुरैन्यात साठवणुकीच्या बॅटऱ्यांसह सौर विजेची बोली २ रुपये ७० पैशांवर आली. या साऱ्या पायऱ्या चढताना हातात होती ती कायद्याची भाषा, बँकेची भाषा आणि काही अधिकाऱ्यांची चिकाटी. कलमे माणसांनी लिहिली आणि त्यांवर सह्या माणसांनी केल्या. उलट राजस्थानात २०२५ साली पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळे तयार होऊ शकणारी सौर वीज रोखून धरावी लागली. तेथे उन्हाचा अंदाज चुकला नव्हता. तारा ओढायच्या राहिल्या होत्या.

खंडव्याजवळ निमाडच्या संत सिंगाजींच्या नावाने २५२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. निर्गुणाचा उपासक कोळशाच्या राखेला आपले नाव लाभलेले पाहून काय म्हणाला असता, हा निराळा विषय. त्या केंद्रातील यंत्रे बुद्धिमान सल्ल्याने अधिक काटेकोरपणे चालवता येतील, दर युनिटमागे कोळसा थोडा कमी लागेल. तो संच कोणत्या वर्षी बंद करायचा हे मात्र यंत्र सांगत नाही, कारण हा प्रश्न गणिताचा नाही. तेथील कामगारांचे काय, कर्जाचे काय, आणि संध्याकाळी सात वाजता दिवे कोण लावणार, असा तो प्रश्न आहे.

आता घराजवळच्या गोष्टीकडे येतो. क्षिप्रेकडे.

क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःचे पाणी राहत नाही, हे गुपित नव्हे. म्हणून २०१२ साली नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोड योजना हाती घेण्यात आली; तिला ४३२ कोटी रुपये लागले, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत ओंकारेश्वर प्रकल्पातून उचललेले नर्मदाजल उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्यात आले. २०१६ चे सिंहस्थ त्या पाण्यावर झाले. योजना सेकंदाला पाच हजार लिटर पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवण्याची आहे. आमच्यापैकी ज्यांना शाळेतले पदार्थविज्ञान आठवते त्यांनी गुणाकार करून पाहावा. कोणताही पंप न झिजता, कोणतीही नळी न घासता हे काम झाले तरी त्याला सतरा मेगावॉट लागतात. दिवसभर चालले तर चार लाखांहून अधिक युनिटे. पंपांची नेहमीची गळती धरली तर पाच लाखांच्या पुढे. देशातील विजेच्या सरासरीने दर युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे पूर्ण प्रवाह चालू असलेल्या एका दिवसाचे साडेतीनशे टनांहून अधिक. रामघाटावर आपण ओंजळीत घेतो त्या पाण्यावर हा एवढा ऋणभार आहे.

स्नेह्यांच्या लेखात या योजनेचा उल्लेख आहे. पंप केव्हा चालवायचे हे यंत्र ठरवील आणि मोठी बचत होईल, असे त्यांनी लिहिले आहे. हे आम्ही धिक्कारत नाही. शाजापूर-आगरच्या उन्हाची वीज दुपारी मुबलक असते. पंप दुपारी चालवले आणि रात्री थांबवले तर त्याच पाण्यावरचा कोळशाचा भार खरोखर हलका होईल. कोणत्या दिवशी किती तास, हे यंत्र उत्तम सांगेल. पण असे पंप चालवायचे तर दुपारी चढवलेले पाणी साठवायला जागा हवी, अधिक क्षमतेचे पंप हवेत, आणि दुपारची वीज स्वस्त देणारा दर हवा. या तिन्ही गोष्टी भोपाळमधल्या कोणत्यातरी टेबलावर ठरतात.

आणि वेळ सांगण्यावाचून आमचे अडले आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २०१९ ची शनिअमावास्या आठवावी. ५ जानेवारीचा दिवस होता. त्रिवेणीवर हजारो भाविक जमले आणि नदीत पाणी नव्हते. लोकांनी चिखलात अंग भिजवले, कोणी फवाऱ्याखाली उभे राहिले. महिनाभर आधी नव्हे, वर्षभर आधीपासून ही तिथी प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत लाल अक्षरात छापलेली होती. अमावास्या किती वाजून किती मिनिटांनी लागते हे आमच्या वेधशाळेला ठाऊक होते. नर्मदेतून पाणी आणण्याची योजना पाच वर्षांपूर्वीच सुरू झालेली होती. पंप होते, नळ्या होत्या. भाकीत बिनचूक होते. मानवी इतिहासात याहून बिनचूक भाकीत सापडणे कठीण. तरी घाटावर पाणी आले नाही. नंतर अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, तो भाग वेगळा. त्या दिवशी कोणते यंत्र कमी पडले, हे आमच्या स्नेह्यांनी सांगावे.

याहून मूलभूत प्रश्न तर आणखी मागचा आहे. क्षिप्रा आटली का? माळव्याच्या काळ्या मातीखालचे पाणी गेल्या काही पिढ्यांत नलिकाकूपांनी उपसले गेले, उगमाकडची झाडी गेली, आणि पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवण्याकडे दुर्लक्ष झाले. आता सेवरखेडी-सिलारखेडी येथे पावसाळ्यातले क्षिप्रेचेच पाणी साठवून ते पुढे नदीत सोडण्याचे काम २०२८ चे सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून हाती घेतले आहे. ते नीट झाले तर नर्मदेतून उचलावे लागणारे पाणी कमी होईल. जे पाणी साडेतीनशे मीटर चढवावेच लागले नाही, त्याची वीज पूर्ण वाचली. यंत्राच्या सल्ल्याने पंपांची दहा टक्के बचत होईल असे उदारपणे धरले तरी हिशेब कोठे जातो, हे सांगण्याची गरज नाही.

शेतकऱ्याच्या रात्रीचाही येथेच उल्लेख करतो, कारण त्या लेखात शेतीपंपांना 'स्मार्ट' करण्याची भाषा आहे. मध्य प्रदेशात शेतीला दिवसाचे दहा तास वीज मिळते आणि ती गटागटांनी वाटली जाते. म्हणजे कोणाच्या वाट्याला तिच्यातला काही भाग रात्री येतो. पौषातल्या रात्री दोन वाजता गव्हाला पाणी देण्यासाठी उठणारा माणूस आमच्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. थंडी, साप, ओल्या बांधावरचा विजेचा धक्का. ही वीज रात्री का द्यावी लागत होती? कारण कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत आणि शहराची मागणी तेव्हा उतरलेली असते. आता दिवसा ऊन स्वस्त झाले आहे, तर हा क्रम उलटा करणे सहज शक्य आहे, आणि ते कोणत्याही कृत्रिम बुद्धीवाचून शक्य आहे. महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, राळेगणसिद्धीपासून आरंभ केला, आणि २०२३ मध्ये तिचे दुसरे पर्व मोठ्या प्रमाणावर सुरू केले. शेतीच्या फीडरजवळच सौर पॅनेल बसवायची आणि वीज दिवसा द्यायची, एवढीच तिची कल्पना. तिच्यात उणिवा आहेत, जमिनीचे तंटे आहेत, कामे रखडतात. तरी जेथे ती पोहोचली तेथे शेतकरी रात्री झोपतो आणि पंप उन्हावर चालतो. कर्बवायू घटवण्याची इतकी साधी वाट समोर असताना शेतकऱ्याच्या पंपाला आधी मेंदू बसवू पाहणे, हे घोड्याआधी खोगीर विकत घेण्यासारखे आहे.

राहिला यंत्राच्या स्वतःच्या पोटाचा प्रश्न, ज्याबद्दल त्या लेखात अवाक्षर नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ च्या एप्रिलमध्ये दिलेल्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटे वीज वापरली. म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांवर जाईल, जपानसारखा देश आज जेवढी वापरतो त्याहून किंचित अधिक, असा तिचा अंदाज आहे. दीड टक्का म्हणजे फार नव्हे, हे आम्ही मान्य करतो. पोलाद आणि सिमेंट यांच्यापुढे ते काहीच नाही. पण जो स्वतःला वैद्य म्हणवतो त्याचे वजन सहा वर्षांत दुप्पट व्हावे, ही गोष्ट रुग्णाने लक्षात घेण्याजोगी आहे. गूगलने स्वतःच २०२४ साली सांगितले की, २०१९ च्या तुलनेत तिचे उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले. पुढील वर्षीच्या अहवालात तिने डेटा सेंटरांच्या विजेपोटी होणारे उत्सर्जन १२ टक्के घटल्याचे नोंदवले, तेही वीजवापर २७ टक्के वाढलेला असताना. हे कौतुकास्पद आहे. मात्र ते साधले कशाने? स्वच्छ विजेच्या खरेदीच्या करारांनी. रीव्यात जे झाले तेच.

त्याच कंपनीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये असेही सांगितले की, यंत्राला विचारलेल्या एका मध्यक (मीडियन) प्रश्नाला एका युनिटाच्या चार हजाराव्या भागाइतकीच वीज लागते. ठीक आहे. दिवसाला असे किती प्रश्न विचारले जातात, हे मात्र सांगितले नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. पण पातेले केवढे आहे हे शितावरून कळत नाही.

मुंबई आणि नवी मुंबई हे देशातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे ठाणे झाले आहे. ऐरोलीत ज्यांची मुले नोकरीला आहेत त्यांनी त्या खिडक्या नसलेल्या इमारती पाहिल्या असतील. तिकडे ट्रॉम्बे-माहूलच्या बाजूला कोळशावरचे संच बंद करण्याचे बोलणे झाले होते. ते अद्याप चालू आहेत, आणि मुंबईच्या वाढत्या मागणीची कारणे सांगताना या इमारतींचे नाव घेतले जाते. माहूलच्या चाळींत राहणाऱ्या बाईला खोकला येतो तेव्हा तिच्या वाट्याची बचत कोठल्या देशातल्या कोणत्या पवनचक्कीत झाली, हे तिला कोण समजावून सांगणार?

आणखी एक जुनी गोष्ट. १८६५ साली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशावर लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले की, वाफेचे यंत्र सुधारून कोळसा कमी लागू लागल्यावर इंग्लंडचा कोळशाचा वापर घटला नाही, वाढला; कारण स्वस्त झालेली शक्ती नवनव्या कामांना जुंपली गेली. काटकसर करणारे यंत्र आणि काटकसर करणारा समाज या भिन्न गोष्टी आहेत. कृत्रिम बुद्धी पवनचक्कीची सेवा करते तशी तेलविहिरीचीही करते. २०१९ साली एक्सॉनमोबिल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी अमेरिकेतील पर्मियन तेलक्षेत्रासाठी करार केला तेव्हा, या तंत्राने २०२५ पर्यंत दिवसाला पन्नास हजार पिंपांपर्यंत उत्पादन वाढू शकेल, असे अभिमानाने जाहीर करण्यात आले होते. यंत्राला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याला जे अधिक करायला सांगितले ते त्याने अधिक केले.

आमच्यावर प्रगतिविरोधाचा आरोप येईल, याची कल्पना आहे. साहित्याच्या मंडळाने मेगावॉटच्या गोष्टी करू नयेत, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर असे की, आक्षेप शब्दावर आहे, आणि शब्दांची राखण हेच या मंडळाचे काम आहे. 'आपोआप' हा शब्द निरुपद्रवी नाही. तो उच्चारला की दर ठरवणारा, तारा ओढणारा, संच बंद करण्याच्या कागदावर सही करणारा, त्रिवेणीवरच्या चिखलाला उत्तर देणारा असे सगळे जबाबदार लोक वाक्यातून निघून जातात आणि कर्ता म्हणून एक यंत्र शिल्लक राहते, ज्याची बदलीही करता येत नाही. व्याकरणातला हा कर्मणी प्रयोग आम्हाला फार जुना माहीत आहे. सरकारी पत्रांत तो नेहमी आढळतो: पाणी सोडण्यात आले नाही. कोणी सोडले नाही?

स्नेह्यांशी आमचा स्नेह अबाधित आहे. ते व्यवसायाने अभियंते आहेत, आम्ही नाही. हिशेबात कोठे चुकलो असू तर त्यांनी दाखवावे, पुढील अंकात दुरुस्ती छापू. त्यांच्याकडे आमची मागणी एवढीच आहे की, नर्मदेचे पाणी चढवणाऱ्या पंपांवर यंत्राचा सल्ला खरोखर लागू होईल त्या दिवशी त्यांनी मीटरवरची युनिटे लिहून आणावीत, सल्ल्याआधीच्या एका महिन्याची आणि नंतरच्या एका महिन्याची, आणि सोबत त्या दोन महिन्यांत किती पाणी चढवले तेही. पाणी न चढवल्याने झालेली बचत यंत्राच्या खात्यावर मांडू नये. संपादकांनी त्यासाठी दोन पाने राखून ठेवण्याचे कबूल केले आहे.